राहेलाम्माची निरवानिरव

मी, राहेलाम्मा, कै. इट्टी अवीरा यांची विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार वेळ्ळक्करा, कुट्टनाड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोळ्यांना कमी दिसते, गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर सूसन यांनी सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालणारे होते ते आता हयात नाहीत.

माझ्या पश्चात या पत्राप्रमाणे व्यवस्था लावण्याचे काम माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वल्सम्मा हिने करावे. ती शाळेत शिकवते. तिचा आवाज मोठा आहे, त्यामुळे कोणी आड आले तर तिला अडचण पडणार नाही.

राहते घर, कालव्यापर्यंतचे परसू, त्यातली माडाची झाडे आणि उतरायचा घाट ही मिळकत माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेली आहे. ती सर्व मी माझा एकुलता मुलगा कुर्यन यास देत आहे. त्यावर कोणतीही अट नाही.

हे ऐकून वल्सम्मा माझ्यावर ओरडली. "मावशी, ज्यानं तुला आई म्हणायचं सोडलं, त्याला घर?"

"म्हणायचं सोडलं गं. मुलगा असायचं कसं सोडेल?"

कोर्टकचेरीत पुढे कोणी शंका काढू नये म्हणून घडले ते लिहिते.

देवळाच्या सणाहून आम्ही आमच्याच इंजिनाच्या होडीतून परतत होतो. होडी माणसांनी भरली होती. सुकाणूवर आमचा नावाडी तंकप्पन होता. कुर्यन ताडी पिऊन आला होता. त्याने तंकप्पनला ढकलले. "सर बाजूला. होडी कुणाची आहे?" मी म्हटले, "बाळा, राहू दे." तो हसला. तो हसला की फार देखणा दिसे. घाटाच्या दगडी भिंतीवर होडी आदळली आणि देवळात घंटा वाजवणाऱ्या पैलीची मुलगी रोसा पाण्यात फेकली गेली. पोहता येत होते तिला, पण होडीखाली गेली. तिला वर काढले तेव्हा केसांतला मोगरा तसाच होता.

पोलीस आले. इट्टी अवीरा म्हणाले, सुकाणू तंकप्पनच्या हातात होते. कुर्यनने मान हलवली. होडीतल्या बाकीच्यांना गर्दीमुळे दिसले नव्हते. आमच्या घराण्यापुढे त्या काळी पुष्कळांना दिसत नसे. तंकप्पनला धरून नेले.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखी आम्ही चटई अंथरून प्रार्थनेला बसलो. यांचा आवाज खणखणीत होता, कुर्यनही मागून म्हणत होता. माझी जीभ उचलेना. लहानपणी मी खोटे बोलले की माझी आई म्हणायची, "अगं, एकाच जिभेनं खोटं नि प्रार्थना दोन्ही केलंस तर देवानं कुठलं ऐकायचं?" कालव्यापलीकडे तंकप्पनची बायको लेकरे घेऊन बसली होती. तीही कोणापुढे तरी हात जोडत असेल. मी मधेच उठले. पुढे कित्येक दिवस मला प्रार्थना करता आली नाही.

कुर्यन माझ्याजवळ येऊन बसला. "अम्मची, खोटं बोल म्हणत नाही मी. 'दिसलं नाही' एवढंच म्हण."

"दिसलं ना पण."

"तू आई आहेस की पोलीस?" हे दारातून ओरडले.

मी तंकप्पनच्या बाजूने साक्षीला उभी राहिले. वकिलांनी विचारले, "मुलावर राग आहे का तुमचा?" मी म्हटले, "नाही. सकाळी त्याला अप्पम वाढूनच निघाले." तंकप्पन सुटला. मग कुर्यनवर खटला उभा राहिला, तिथेही मी तेच सांगितले. त्याला सजा झाली. पायऱ्या उतरताना तो वळून म्हणाला, "मला आई नाही." तुरुंगात मी भेटायला जात असे. तो बाहेर यायचा नाही. मी डबा देऊन परतत असे. सुटल्यावर तो परस्पर कुवेतला गेला.

तंकप्पनला परसाची घाटाकडली पट्टी द्यायची मी ठरवले होते. तो ऐकेना. "जमीन नको, अम्मची. मला साक्षीदार करा." मी सांगितले, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले काही घेता येत नाही. तो म्हणाला, "कायदा विचारूनच आलोय." म्हणून त्याच्या नावे काही लिहिलेले नाही. मी त्याला विसरले असे त्याच्या मुलांनी समजू नये.

कानांतली सोन्याची जड कडी माझ्या नातीस द्यावीत. आमच्यात थोरल्या मुलीला बापाच्या आईचे नाव ठेवतात. कुर्यनने ठेवले नाही. तिचे नाव नीना आहे असे ऐकते. तर नीनाला. जुन्या घडणीची वाटली तर मोडून दुसरे करावे, मला वाईट वाटणार नाही.

अप्पमची लोखंडी कढई नणंद तरुथी हिला. देवळात मी बाकावर बसले की ती उठून जाई आणि म्हणे, "आल्या न्यायाधीशीणबाई." ही कढई तिने एकदा उसनी नेऊन जाळून परत केली होती. आता कायमची ठेवावी.

यांच्याविषयी. साक्षीनंतर इट्टी अवीरा माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचे जेवत, पण बोलायचे ते गायीशी, मला ऐकू जाईल असे. "आज कालवणात मासा कुठं दिसला का गं तुला?" गाय विकली तेव्हा मला वाटले, आता तरी बोलतील. माडाशी बोलू लागले. शेवटच्या आजारात मी पेज भरवत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ नाही यात." मी मीठ आणायला गेले, येईपर्यंत डोळे मिटले होते. ते तीन शब्द माझे आहेत, कोणाच्या नावे करीत नाही. मला यांच्याच शेजारी पुरावे.

रोसाच्या थडग्यावर मी रविवारी मेणबत्ती लावते. माझ्यानंतर वल्सम्माने लावावी. पैलीने मला कधी बरे म्हटले नाही की वाईट. कसे म्हणेल? माझे खरे बोलणे त्याच्या काय उपयोगाचे?

अंत्यविधीत माझी स्तुती करू नये, ही धर्मगुरूंना विनंती. हल्ली मुलांना माझा दाखला देतात: बघा, ही देवाजवळची बाई. साक्ष दिल्यावर मला पुन्हा प्रार्थना करता आली, एवढे खरे आहे. पण पोराचे ताट मांडायची सवय मोडता मोडली नाही, हेही मुलांना सांगावे. देव जवळ होता, असेलच. घर मात्र रिकामे होते.

चेहऱ्यावर शेवटचे पांढरे वस्त्र घालायचा मान मुलाचा. कुर्यनला कळवावे, पण त्याच्यासाठी देह ताटकळत ठेवू नये.

तो आला तर बायका त्याला सांगतील, म्हातारीला अखेरीस पस्तावा झाला होता. चांगल्या मनाने सांगतील. सांगू देऊ नये. ते खोटे आहे. त्याने विचारले तर सांगावे, पुन्हा उभी केली असती तरी आईने तेच सांगितले असते. मग त्याला पानावर बसवावे. लांबून आलेला असेल.

लिहून देणार: राहेलाम्मा (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. तंकप्पन (सही)
२. डॉक्टर सूसन (सही)

वेळ्ळक्करा, ९ नोव्हेंबर २०१७