बत्तीस युनिट

८ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते क्रमाने.

१. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर आला.
२. फोटोत माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या. ऊन समोरून होतं.
३. खाली अकाउंट्सच्या शबानाने लिहिलं: श्रावणी मॅडम झेंड्यावर पण नाराज.
४. त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. साहेबांनीही.
५. आज सात रस्त्याजवळच्या एका स्किन क्लिनिकमध्ये जाऊन कपाळात बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली. एकूण बत्तीस युनिट.
६. घरी आले.

क्रमांक ३ आणि क्रमांक ५ यांचा संबंध नाही. हा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आहे. मी वीज कंपनीत टेस्टिंगला आहे. ट्रान्सफॉर्मर जळायची वाट बघत बसणं ही आमची पद्धत नाही. वय एकतीस. सुरकुती पडल्यावर धावाधाव करतात त्या बायका वेगळ्या.

दर: क्लिनिकचं एक युनिट आमच्या घरगुती विजेच्या युनिटच्या चाळीसपट. एकूण रक्कम लिहीत नाही. ही रोजनिशी आहे, ऑडिट नाही.

डॉक्टरांचं नाव राहत, वय माझ्याइतकंच. सुई टोचण्याआधी त्यांनी विचारलं, थोडी हालचाल शिल्लक ठेवू का? माणसं कपाळाने बरंच बोलतात. मी म्हटलं, पूर्ण बंद करा. मी तोंडाने बोलते.

कोणाला सांगणार नाही. कोणाला कळणार नाही. विषय संपला.

१० फेब्रुवारी, सोमवार

विषय संपला नाही. शनिवारी निघताना हालचाल रजिस्टरमध्ये मी खरं तेच लिहिलं होतं: ‘इंजेक्शनसाठी बाहेर’. मला खोटं लिहिता येत नाही. पण आमच्याकडे रिलेमध्ये बाहेरून करंट सोडून तो वेळेवर ट्रिप होतो का, म्हणजे लाईन तोडतो का, ते बघतात, त्याला इंजेक्शन म्हणतात. साहेबांनी बोलावून विचारलं, कुठल्या सबस्टेशनला गेला होता, रिपोर्ट कुठाय? मी म्हटलं, रिझल्ट यायला दोन आठवडे लागतात. साहेब म्हणाले, रिले आहे का बोर्डाची परीक्षा?

साहेबांनी मागच्या वर्षी पुण्याला जाऊन डोक्यावर केस लावून घेतले. परत आल्यावर ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी जवळ जाऊन केस बघितले, छान म्हटलं. दर कोणी विचारला नाही.

नुसती नोंद.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्ण यश. आरशासमोर उभी राहून रागावले. काही नाही. पुन्हा रागावले, यावेळी क्रमांक ३ आठवून. काही नाही. कपाळ लागलेल्या दह्यासारखं. चमचाही फिरवू नये असं.

ऑफिसातही फरक आहे. आमचे सीनियर टेक्निशियन वीरभद्रप्पा रजेची चिठ्ठी नेहमी दुसऱ्याच्या हातून पाठवतात. आज स्वतः टेबलासमोर येऊन उभे. मॅडम, चार दिवस गावाकडं जावं म्हन्तो. तुमी आज लई प्रसन्न दिसायलाव, म्हनून इचारलं. त्या वेळी मी त्यांच्याच चुकीच्या रीडिंगवरून संतापलेली होते. तरी रजा दिली. दुपारपर्यंत अजून दोघे आले. माणसं मोकळेपणाने बोलायला लागली आहेत. याला नेतृत्वगुण म्हणतात.

आईचं मात्र काहीतरी बिघडलंय. तिने विचारलं, भाकरी टाकू का? मी नेहमीसारख्या भुवया वर करून हो म्हटलं. तिने परत विचारलं. मी परत हो म्हटलं. तिसऱ्यांदा तिने परातीवर हात आपटला. अगं तोंडात काय मूग आहेत का, बोल की!

आईचे डोळे तपासून घ्यायचे. वय झालं.

३ मार्च, सोमवार

एमआयडीसीतल्या सबस्टेशनला टेस्टिंग. मी वायरींवर, सहकारी हृषीकेश मशीनवर.

इथे पद्धत लिहून ठेवते. ट्रान्सफॉर्मरचे पंखे चालू असले की ओरडलेलंही ऐकू येत नाही, आणि माझे दोन्ही हात वायरींत असतात. म्हणून तीन वर्षांपासून आमचं ठरलेलं आहे. तो माझ्या कपाळाकडे बघतो. भुवया वर गेल्या की पुढे चल. आठी दिसली की थांब. एकदाही चूक झालेली नाही. साहेब म्हणतात, या दोघांना वॉकीटॉकी देऊन उपयोग नाही.

आज त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक वेळी मशीन बंद करून माझ्यापर्यंत चालत यायचा आणि तोंडी विचारायचा, पुढे जाऊ? मी सिग्नल दिलेला असूनही.

कारण शेवटी कळलं. चहाच्या आधी तो समोर येऊन उभा राहिला आणि पंख्यांच्या आवाजात ओरडून म्हणाला, मी मंगळवेढ्याला बदलीचा अर्ज टाकलाय. गाव तिथलंच आहे. पण इथं थांबायला काही कारण असेल तर अर्ज मागे घेतो. आहे का कारण?

आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिला.

मी भुवया वर केल्या. पूर्ण. जातील तितक्या.

तो बराच वेळ बघत होता. मग बरं म्हणाला आणि मशीनकडे गेला.

उत्तर दिलेलं आहे. आता अर्ज मागे घेणं हे त्याच्या बाजूचं काम. मी पाठपुरावा करणार नाही. एकदा स्पष्ट सिग्नल दिल्यावर तो पुन्हा पुन्हा देत बसणं बरं दिसत नाही.

मला यात विशेष काही वाटत नाही. टेस्टिंगला अनुभवी माणूस लागतो, एवढंच.

संध्याकाळी घरी जाताना शुक्रवार पेठेत उगाच मोगऱ्याचा गजरा घेतला. आईसाठी.

१२ मार्च, बुधवार

हृषीकेशने अर्जाबद्दल काही सांगितलं नाही. मागे घेतला असणार. सांगायची त्याला लाज वाटत असेल. वेळ देते.

रिक्षावाल्याने विचारलं, सात रस्ता का? मी हो म्हटलं. तो निघून गेला. परवा चहावाल्याने असंच केलं. मार्चमध्येच उन्हाने या गावाचं डोकं फिरलंय. समोरच्या माणसाकडे कोणी नीट बघतच नाही.

२३ मार्च, रविवार

आज उघडकीस आलं. माझ्या चुकीमुळे नाही.

फोन चार्जिंगला होता. क्लिनिकचा मेसेज आला: आपले ३२ युनिट पूर्ण झाले आहेत, पुढील भेटीसाठी संपर्क करा. आईने वाचला आणि खूश झाली. वळसंगहून मायाक्का मावशी आलेली होती, तिला सांगायला लागली. बघ मायाक्का, पोरगी लायटीच्या ऑफिसात असली की कसं असतं. सबंध महिन्याला बत्तीस युनिट! मावशीचं बिल नेहमी जास्त येतं, त्यामुळे तिने फोन ओढून घेतला. नीट बघितलं.

गोदे, ही बाई लायटीची न्हाय. लायटीच्या बिलावर गोऱ्या बाईचा फोटू कशाला लावतील?

मग दोघी माझ्याकडे वळल्या. मावशी जवळ आली आणि माझ्या कपाळावर अंगठा फिरवला, दुकानात चादर बघतात तसा.

आगं गोदे, हितं इस्त्री मारलीय की!

किती पडले, असं आईने विचारलं. मी रक्कम सांगितली. मला खोटं बोलता येत नाही. मावशी मटकन बसली. येवढ्यात आमच्या बोअरची मोटार दोन बार रिवाइंड झाली आसती. मी शांतपणे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स समजावून सांगितला. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, व्हय, पण जळल्याबिगर मोटार कोन उघडतंय गं?

आई म्हणाली, मी हिच्या काळजीने म्हातारी झाले, मला कुणी इंजेक्शन दिलं? आणि लोक विचारतील तर काय सांगू? लग्न जमत नाही म्हणून कपाळ दुरुस्त केलं? मग मावशीला म्हणाली, बघ हिच्या तोंडाकडे. एवढं बोलतोय आपण, हिला काही वाटतंय का?

वाटत होतं.

मावशी शेवटच्या बसने गेली. त्यानंतर आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, मानेला पण करतात का गं?

१५ एप्रिल, मंगळवार

बदल्यांचे आदेश लागले. हृषीकेश, मंगळवेढा. २८ तारखेला, सोमवारी रिलीव्ह.

म्हणजे त्याने अर्ज मागे घेतलाच नाही. कारण आहे का विचारलं, मी आहे म्हणून सांगितलं, तरी निघाला. विचारायचं कशाला मग? तीन वर्षं कपाळ वाचणारा माणूस, आणि ऐन वेळी वाचून न वाचल्यासारखं करतो.

मी सरळ त्याच्या टेबलाशी गेले. बोलणार काहीच नव्हते. फक्त रागाने बघणार होते, तेवढं त्याला पुरलं असतं. मी बघितलं. त्याने वर बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, चला, तुम्ही तरी आनंदात आहात.

हा टोमणा होता. मी परत येऊन रिपोर्ट पूर्ण केला. त्यात दोन चुका निघाल्या. माझ्या रिपोर्टमध्ये कधी चुका निघत नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार

हृषीकेशचा निरोप समारंभ. साहेब आठवडाभर दौऱ्यावर जाणार म्हणून आजच उरकला. केक, चहा, वर्गणीतून एक बॅग आणि शेंगाचटणीचा पुडा. साहेब भाषणात म्हणाले, आता मॅडमच्या आठ्या कोण वाचणार? सगळे हसले. हृषीकेश हसला नाही.

केकच्या वेळी तो माझ्या शेजारी आला. हळू आवाजात म्हणाला, तुम्हाला माझा राग नाही ना आला? मी तेव्हा नको ते विचारलं.

मला नाही म्हणायचं होतं. राग नाही, नको ते काहीच विचारलं नाहीत, असं सगळं. चेहऱ्यावर जे आणता येईल ते आणलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, समजलं. आणि बशी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

शबानाने हे पाहिलं होतं. मला बाथरूममध्ये ओढून नेलं. क्या गे श्रावणी, वो जा रहा बोलके उसको चिढा री क्या? एकीच भुवई उपर करके?

मी म्हटलं, एकच कशी असेल. दोन्ही केल्या.

ती म्हणाली, आरशात बघ.

मी बघितलं. भुवया वर केल्या. डावी थोडीशी उठली, बाजारात भाव ऐकून उठते तशी. उजवी जागची हलली नाही.

शबानाने विचारलं, ये क्या करके आई तू? मग सगळं सांगितलं. क्लिनिक, बत्तीस युनिट, आणि ३ मार्चसुद्धा. ती बेसिनला धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या फोटोखाली लिहिल्याबद्दल माफीही मागितली, हसतच. मग एकदम थांबली. म्हणाली, एक मिनिट. त्या दिवशी त्याने विचारलं, तेव्हा तू मुंह से क्या बोली?

मी म्हटलं, भुवया.

ती माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या आल्या. चांगल्या ठळक. काय म्हणायचंय ते लगेच कळलं.

तांत्रिक चूक अशी: अडीच महिने मी आरशात फक्त आठी येते का ते तपासत होते. भुवया जातात का, हे एकदाही तपासलं नाही. तोडणारा ट्रिप बघितला, जोडणारा क्लोज बघितलाच नाही. ज्युनियरने असा रिपोर्ट दिला असता तर मी परत पाठवला असता.

आईचे डोळे चांगले आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

क्लिनिकमधून फोन. परिणाम असमान उतरतोय का, टच-अपला सवलत आहे. विचार करून कळवते म्हटलं. नको म्हणणार होते.

शबाना म्हणते, त्याला फोन कर. फोन शक्य नाही. दुपारी एकदा नंबर लावला, त्याने हॅलो म्हटलं, मी भुवया वर केल्या आणि ठेवून दिला.

साहेब दौऱ्यावर निघताना त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. बदली रद्द करायची असेल तर अर्ज शनिवारपर्यंत द्यावा लागतो. मग संध्याकाळी मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला. पाठवलेला मजकूर नोंदीसाठी:

विषय: ३ मार्च रोजी सबस्टेशनवर विचारलेल्या प्रश्नाबाबत.

हृषीकेश, तुम्ही विचारलं होतं की इथं थांबायला काही कारण आहे का. मी त्याच वेळी हो म्हटलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, कारण ८ फेब्रुवारीला मी कपाळात इंजेक्शनं घेतली आहेत. रिलेची नव्हे. तुमची वाचण्यात चूक झालेली नाही. काल डावी भुवई वर गेली ती चेष्टा नव्हती. तेवढीच सध्या चालू आहे.

कारण होतं. त्या दिवशी तुमच्यासमोर दोन्ही हातांत वायरी धरून उभं होतं. अजून आहे.

मंगळवेढ्याला जायचं ठरलंच असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी समजून घेईन. बदली रद्द करण्याच्या अर्जाची मुदत शनिवारी संपते. कृपया शुक्रवार, २५ एप्रिलपर्यंत उत्तर द्या. तोंडी द्या.