अब्बा, कोंबड्यांना जंत झाले होते

अब्बा, यंदाच्या पावसात आपल्या कोंबड्यांना जंत झाले. आपल्या म्हणजे तुम्ही पाळलेल्या गावठी कोंबड्यांच्याच पिलावळीतल्या. तुम्ही गेल्यावर मी त्या पौडहून भुकूमला आणल्या, घरामागं खुराडं बांधलं. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. यंदा मात्र तुरे फिकट पडले, छातीचं हाड हाताला लागायला लागलं, आणि एका सकाळी ठिपक्यांची कोंबडी मरून पडलेली दिसली.

घरातले म्हणाले, पुरून टाक. मी सुरी घेऊन मोरीत बसले. तुमच्या चिकनच्या दुकानातली ती दुपार आठवली. मी शाळेतून येऊन बाकावर बसलेय, तुम्ही गिऱ्हाइकाची कोंबडी साफ करताय. आतडं उघडतं आणि आत शेवयांसारखे पांढरे जंत गच्च भरलेले. गिऱ्हाईक नाक दाबतं, मी तोंड फिरवते. तुम्ही सुरी खाली ठेवता. "हिकडं बघ की! यवढं पोटात घिऊन ही काल अंडं दिऊन आलीया. अल्लानं काय जीव केलाय!"

माझ्या कोंबडीच्या आतड्यातही तेच निघालं. बाकीच्यांची विष्ठा डबीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. उजेडात एक लांबट, नितळ अंडं. "हे तर कोंबडीच्या अंड्यासारखंच दिसतंय," मी म्हणाले. "जंताचं आहे. ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतं," त्या म्हणाल्या. "औषध द्याच, पण खुराड्यातला ओला भुसा आधी काढा. नाहीतर कोंबड्या तीच अंडी पुन्हा टिपतील." मला तिथून डोळा काढवेना. मागं माणसं खोळंबली होती.

भुसा काढला, जमीन खरवडून कोरडी केली. सकाळी पाण्याचं भांडं उचलून ठेवलं आणि कोंबड्या तहानल्यावर औषधाचं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंतांचे गुंते पडले. औषधामुळं मॅडमनी सांगितले तितके दिवस अंडी कुणी खाल्ली नाहीत. पिवळी कोंबडी मान टाकून बसली होती, तिची आशा मी सोडलीच होती. पण ती उठली, दाणे टिपायला लागली, आणि परवा चक्क अंड्यांवर खुडूक बसली. तिच्या पोटाखाली हात घातला तर काय ऊब, अब्बा!

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक तुम्हालाच सांगते. ते गुंते कोरड्या भुशावर टाकून जाळायला घेतले तेव्हा माझा हात थांबला. मातीत, पावसात दम धरून हे एका कोंबडीच्या पोटापर्यंत पोचले होते. मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. मग काडी ओढली. एवढा उशीर का झाला, म्हणून घरात विचारलं, तर मी म्हणाले, काड्या सादळल्या होत्या.