चंद्रावतीची आठ-दहाची बस

७ जानेवारी २०१३, सोमवार. सकाळी १०
खाण बंद होऊन तीन महिने झाले. पाळी गावच्या खाणीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं ट्रक मोजले, आता घरी बसून मयेच्या तळ्याकडे जाणारे टुरिस्ट मोजतो. हे थांबलं पाहिजे. संकल्प : रोज तळ्याला एक फेरी. मोरीतला गळका नळ दुरुस्त. मेंदूला व्यायाम. आणि ही रोजनिशी. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण देवाला आणि वहीला मराठीच लागते. वही खाणीच्या जुन्या रजिस्टरांखाली ठेवणार. तिथे कोणी हात घालत नाही.

मेंदूच्या व्यायामासाठी मुलाचा, प्रथमेशचा कॉम्प्युटर उघडला. तो जहाजावर नोकरीला गेल्यापासून धूळ खात होता. त्यात 'सप्तद्वीप' नावाचा ऑनलाइन गेम आहे. आपण एक पात्र घ्यायचं आणि देशभरच्या लोकांबरोबर राक्षस मारत हिंडायचं. मी 'सिंहराज' नावाचा योद्धा झालो.

दुपारी १२
सिंहराज चार वेळा मेला. एकदा कोंबडीने मारलं. मदत मागितली तर कोणीतरी लिहिलं, काका, झोपा. मी काका आहे हे त्याला कसं कळलं?

९ जानेवारी
सिंहराज बंद. आज स्त्री-पात्र घेतलं. चंद्रावती, वैदीण, हिरवं लुगडं. पाच मिनिटांत एकाने घोडा दिला, दुसऱ्याने ढाल. मराठी खेळाडूंच्या टोळीचा प्रमुख 'रणशूर' स्वतः येऊन म्हणाला, तू माझ्या मागे राहा, तुला काही होऊ देणार नाही.

हे मी घोड्यासाठी करत नाही, कलेसाठी करतो. पेडण्याला मामाकडे होतो तेव्हा बाबाजीच्या दशावतारी मंडळात मी एका प्रयोगात स्त्री पार्ट केला होता. नेहमीचा नट आजारी पडला म्हणून. मी बोलायला लागल्याबरोबर लोक हसले. प्रसंग शोकाचा होता, पण गावच्या लोकांना भावना अशाच व्यक्त करता येतात. पुन्हा संधी मिळाली नाही, कारण नेहमीचा नट बरा झाला.

तळ्याला फेरी उद्यापासून.

१४ जानेवारी
बाबाजीला फोन केला. ऐंशीचा झाला, आवाज अजून खणखणीत. म्हटलं, स्त्री पार्ट जिवंत कसा करायचा? म्हणाला, पयलीं घरातल्या बायलांकडे पळय. बसतात कशी, रुसतात कशी. भायर शोधू नको.

बायको, रंजना, उपयोगाची नाही. ती अंगणवाडीत शिकवते आणि माझ्याशीही तसंच बोलते. मुलगी सायली मात्र उत्तम नमुना. वय वीस, म्हापशाला कॉलेज. आजपासून निरीक्षण :

केस पेन्सिलने बांधते. बांधता बांधता दुसरी पेन्सिल शोधते. पटलं नाही की 'व्हॉटेव्हर' म्हणते आणि मग तेच करते. लाज वाटली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. बसमध्ये डावीकडची खिडकी, तळं दिसतं म्हणून. चिंच मीठ लावून. 

हिला मी इतकी वर्षं नीट पाहिलीच नव्हती. गोड पोरगी आहे.

२२ जानेवारी. दुपारी ३
चंद्रावती आता धावते आहे. आज मी लिहिलं, थांब, केस सुटले, पेन्सिल कुठे गेली. रणशूर दोन मिनिटं राक्षसाशी लढायचा थांबला. याला म्हणतात पकड.

एक छोटी गोष्ट झाली. बाहेर पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला आणि मी लिहून गेलो, पाव घेऊन येते. त्याने लगेच विचारलं, तू गोव्यातली? मी नाही म्हणणार होतो, पण चंद्रावती हो म्हणाली. पात्र अंगात आलं की असंच होतं. मी समजत होतो तो नागपूरचा असेल. तर इथलाच, मांद्र्याचा निघाला! नाव जयवंत, चुलत्याच्या गेस्टहाउसवर असतो. जग लहान आहे.

३० जानेवारी
जयवंतने खरं नाव विचारलं. साफ नाही म्हटलं. इंटरनेटवर सावध असावं, पेपरात रोज येतं. संकल्प : कोणतीही खरी माहिती द्यायची नाही.

फक्त कॉलेज म्हापशाचं आहे, आणि मयेहून सकाळची आठ-दहाची बस असते, एवढंच सांगितलं. आणि डावीकडची खिडकी. तपशिलाशिवाय पात्र उभं राहत नाही. नाव सांगितलं नाही म्हणजे काहीच सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी
फोटो मागितला. दिला नाही. मी अशा बाबतीत कडक आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून शब्दांत वर्णन केलं. पिवळा ड्रेस, गॅदरिंगला एक कुडी हरवली म्हणून आता दोन वेगवेगळ्या घालते, ती गंमत. सायली काल आईला सांगत होती तेव्हा मी ऐकली होती. तो म्हणाला, पुरे, एवढ्यावर ओळखेन.

खेळकर माणूस आहे.

१२ फेब्रुवारी
जेवताना सायली म्हणाली, बसस्टॉपवर एक मनीस रावता, तांबडें हेल्मेट, म्हजेकडेन पळयत आसता. तीन दिवस झाले. रंजनाने घास खाली ठेवला. मी समजावलं की सीझन आहे, तळं बघायला लोक येतात, बघणाऱ्याची नजर कुठेतरी पडणारच. तू बघू नकोस म्हणजे झालं. सायली म्हणाली, व्हॉटेव्हर. नोंद : 'व्हॉटेव्हर' आज वेगळ्या सुरात. चंद्रावतीसाठी उपयोगी.

१३ फेब्रुवारी. सकाळी ११
जयवंत आज खुशीत. आल्या आल्या म्हणाला, आज पांढरा ड्रेस पिवळ्याहून जास्त शोभला. मी पांढऱ्याबद्दल काही बोललोच नव्हतो! या गेमला रोलप्ले म्हणतात, म्हणजे तोही आपलं पात्र रंगवतोय. मनातल्या मनात भेटी घडवतो, कपडे नेसवतो. मला तोडीस तोड नट भेटला.

सायली सकाळी पांढऱ्या ड्रेसात गेली, हा योगायोग. पांढरा कोणीही घालतं.

१८ फेब्रुवारी
आज रुसला होता. म्हणे, मी हेल्मेट काढून हसलो, तर ओळख का दाखवली नाहीस? त्याची कल्पनाशक्ती आता थेट बसस्टॉपपर्यंत पोचली. असा डाव टाकल्यावर नटाने अडखळायचं नसतं. मी क्षणात उत्तर दिलं, सगळ्यांसमोर ओळख दाखवायला लाज वाटते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते ना तेव्हा समजून घे.

त्याने लिहिलं, आता सगळं कळलं.

बाबाजीने हे पाहायला हवं होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाक्य.

२५ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
सायली आज कॉलेजला न जाता अर्ध्यातून परत आली. तो माणूस बसमध्ये चढला, शेजारी बसला. हिने भीतीने ओढणी धरली, तर तिच्या बोटाकडे बघून हळूच म्हणाला, लज दिसता न्हय? म्हाका खबर आसा. डिचोलीला ती गर्दीतून खाली उतरली आणि रिक्षा करून घरी आली. रंजनाला बिलगून बसली आहे. तिला एकच कळत नाही. म्हणते, आई, ताका कशें खबर?

मी मोरीत जाऊन नळ दुरुस्त करायला बसलो. योगायोग असू शकतो. लाल हेल्मेटं पुष्कळांकडे असतात. लाज पुष्कळांना वाटते.

नळ जास्त गळायला लागला.

२६ फेब्रुवारी
योगायोग नाही. मला समजलं आहे. पण घाबरायचं कारण नाही. पात्र मी आणलं, मीच काढून नेणार. प्लॅन तयार आहे : चंद्रावतीचं लग्न ठरतं, ती आनंदाने निरोप घेते, जयवंत आशीर्वाद देतो, पडदा. घरी आत्ताच सांगून गोंधळ वाढवायचा नाही.

२७ फेब्रुवारी. दुपारी १
चंद्रावतीने लिहिलं, घरच्यांनी लग्न ठरवलं, मला विसर.

उत्तर : कोणी ठरवलं? बापाने?

मी लिहिलं, नाही, मीच तयार आहे. उत्तर : हे तू लिहीत नाहीस, तुझ्याकडून कोणी लिहून घेतंय. घाबरू नको. तुझं घर मी पाहिलंय. तुळशीपाशी निळी सायकल असते ते. मी येतो.

खिडकीतून पाहिलं. निळी सायकल माझी. आत आणून ठेवली. आत ठेवून काय होणार आहे, असं नंतर वाटलं.

१ मार्च
पेडण्याला जाऊन बाबाजीला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, मी पन्नास वर्सां बायल झालंय. पण फाटफटी, नाटक सोपल्यार, लुगडा खोचून चायच्या दुकानार बसान सगळ्यांसमोर बिडी वडी. लोक म्हणत, अरे, हो तर बाबाजी. तुजी बिडी खंय रे, मधुकर?

बसमध्ये विचार केला. बरोबर आहे. समोर उभं राहून सांगायचं, चंद्रावती ती मी. एकावन्न वर्षांचा, मिशी, ब्लडप्रेशर. एका मिनिटाचं काम.

४ मार्च. दुपारी १२
सायली घरीच होती. आठ वाजता स्टॉपवर मी गेलो. तो आला. मला वाटलं होतं कोणी गुंड असेल. नीट भांग पाडलेला, तिशीचा, साधा पोरगा. मला बघून वाकून नमस्कार केला. काका म्हणाला.

मी सगळं सांगितलं. घोडा, ढाल, पेन्सिल, पोदेर, कुडी, चिंच. एकेक गोष्ट पुराव्यासारखी पुढे ठेवली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, काका, तुम्ही तिचे मेसेज वाचलेत. हे बरोबर केलं नाही.

मी म्हटलं, अरे, ते मीच लिहिले. तो म्हणाला, तुम्हाला असं लिहिता येईल? आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाही शंका आली.

शेवटी मी चंद्रावतीच्या आवाजात बोललो. स्टॉपवर, भर लोकांत. 'केस सुटले, पेन्सिल कुठे गेली' हे पूर्ण वाक्य, हातवाऱ्यांसह. तोवर आलेल्या बसमधले लोक हसले. पेडण्याला हसले होते तसेच. जयवंत हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, तिला वाचवायला तुम्ही इतके खाली येता, म्हणजे तिने तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलंय. तिला मारू नका. मी थांबायला तयार आहे. रोज इथेच थांबेन.

बीपीची गोळी दोनदा घेतली.

५ मार्च
सकाळी रंजनाला सांगितलं. तिने पर्स घेतली आणि ती म्हणाली, चला पोलिसांत. तिघं गेलो. हवालदाराने चॅटचे कागद मागितले. एकशे चाळीस पानं निघाली. तो वाचत गेला, मध्येच माझ्या मिशीकडे बघत गेला. भला माणूस होता. त्याने जयवंतला त्याच दिवशी बोलावून घेतलं, तंबी दिली, लिहून घेतलं. जयवंतने सही केली आणि सायलीकडे बघून हळूच मान हलवली, समजलं अशा अर्थी.

सायलीने ती पानं मागून घेतली. बाकावर बसून सगळी वाचली. मला वाटलं रडेल, ओरडेल. कुडीच्या पानावर थांबली. मग केसांतली पेन्सिल काढून पर्समध्ये टाकली.

१२ मार्च
जयवंत आठवडाभर दिसला नाही. प्लॅन थोडा वेगळ्या रीतीने, पण यशस्वी झाला म्हणायला हरकत नाही.

चंद्रावतीला कायमची पुसायला गेम उघडला. तिथे एक निरोप होता, कालचा : बाप शेजारी बसलेला असतो हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर देऊ नकोस. परीक्षेच्या दिवशी पिवळा घाल.

पुसली. पुसताना गेमने विचारलं, नक्की का? हो म्हटलं. हे दोन महिने आधी विचारायला हवं होतं त्याने.

१४ मार्च
काल वही रजिस्टरांखाली नव्हती. टेबलावर होती, चौदा जानेवारीचं पान उघडं. 'गोड पोरगी आहे' या वाक्याखाली पेन्सिलने रेघ. बाकी कुठे काही लिहिलेलं नाही.

तेव्हापासून सायली माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसते. केस रबराने बांधते. चिंच घेत नाही. मी काही विचारलं की हो किंवा नाही म्हणते. आज जेवताना ती रंजनाला काहीतरी सांगत होती, मी आत आलो तशी थांबली. मी म्हटलं, सांग ना, मी ऐकत नाही.

१८ मार्च, सोमवार
सायली सकाळी बॅग घेऊन गेली. परीक्षेपर्यंत कोणाकडे तरी राहणार, तिथूनच कॉलेजला जाणार. रंजना सोडायला गेली. मी बॅग उचलायला पुढे झालो, तिने स्वतःच उचलली. पिवळा ड्रेस पलंगावर घडी करून ठेवलेला आहे.

कोणाकडे राहणार, हे मी विचारलं नाही. सुरक्षेच्या दृष्टीने जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं, हे मीच सुचवणार होतो.

दुपारी २
विचारलं. रंजना मोरीतला नळ आवळत होती. मान वर न करता म्हणाली, ती सांगून गेल्या, बाबाक सांगूं नाका.

नळ गळायचा थांबला. घरात आता कसलाच आवाज नाही.