गुरुक्कळांच्या नातीचे पाय

प्रिय प्रसीता,

बापाचं अक्षर पाहून पाकीट तसंच परत पाठवू नकोस. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा आज जरा लांबण लागेल.

अम्मेचे गुडघे बरे आहेत. मिरीचे वेल यंदा लगडलेत. कळरीच्या आखाड्यात सकाळी बावीस मुलं लाठी-तलवार शिकायला येतात, त्यांत सात मुली. मुरगळलेले, निखळलेले हातपाय अजून माझ्याकडेच येतात आणि बहुतेक बरे होऊन जातात. हे मुद्दाम लिहितोय. माझ्या तेलावरचा माझा विश्वास उडालेला नाही.

निवेद्या जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघत होते. मी म्हणालो, "एक्केचाळीस दिवस दे. पाय सरळ नाही केले तर नाव बदलीन." तू वीस दिवस दिलेस. मी चोळायचो, तू समोर बसून पावलं बघायचीस, आणि मी तुझ्याकडे बघायचं टाळायचो. एकविसाव्या दिवशी तिला गुंडाळून कोळिकोडच्या हॉस्पिटलात घेऊन गेलीस. परतलीस तेव्हा पोरीला मांडीपर्यंत प्लास्टर. मी अंगणात येऊन ओरडलो, "गाव काय म्हणेल? कळरीच्या गुरुक्कळला स्वतःची नात बरी करता येईना?" तू एवढंच म्हणालीस, "अच्छन, नाव तुमचं आहे, पण पाय तिचे आहेत." मग मी जे बोललो ते पुन्हा लिहवत नाही. त्याच संध्याकाळी तू सासरी निघून गेलीस.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. विसाव्या दिवशीच मला कळलं होतं. निखळलेला सांधा बोटांना उत्तर देतो. ही पावलं देत नव्हती. हात सोडला की पुन्हा आत. तरी मी अजून एकवीस दिवस मागत होतो, गं.

पुढचं अम्मा शेजारणीला सांगायची आणि मी पेपरात डोकं घालून ऐकायचो. दर आठवड्याला नवं प्लास्टर, टाचेमागे बारीकसा छेद, मग दांडीला जोडलेले बूट, चार वर्षांची होईपर्यंत रोज झोपताना. पुढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, पोटऱ्यांना तेल चोळायला आता हरकत नाही, आणि तू अम्मेकडे निरोप धाडलास. ती कुणासाठी बाटली भरतेय हे मी विचारलं नाही. तेल मात्र ताजं कढवून ठेवलं.

गेल्या महिन्यात कण्णूरच्या कळरी-स्पर्धेला निवेद्याला बघायला मी आलो होतो. शेवटच्या रांगेत, खांबाआड. वळताना डावा खांदा खाली सोडायची तुझी खोड तिने जशीच्या तशी उचललीय, ती मोडून काढ. मग तिने हात डोक्यावर ताठ धरला, आणि उजवं पाऊल फाडकन तळहातावर! मग डावं. बारा वेळा, एकदाही तोल गेला नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाची हो पोर ही?" "माझी नात!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की पुढच्या दोन रांगा वळल्या. तू बघशील म्हणून तसाच निघालो. पहिला नंबर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला आणि चहावाल्या कुंजिरामनला तीनदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "गुरुक्कळ, आता पाठ झालं मला."

मंगळवारी एक नवरा-बायको अकरा दिवसांचं बाळ घेऊन आले. तशीच पावलं. "तुमच्या हाताला गुण आहे, तेलानंच बरं करा." मी बाटली उघडलीच नाही. त्यांना घेऊन कोळिकोडच्या बसमध्ये बसलो. पहिलं प्लास्टर झालंय. पण त्या आईला, रजिलाला, घरात रोज टोमणे खावे लागतात, आणि काल ती प्लास्टर भिजवून काढायला निघाली होती. माझ्या सांगण्याने तिला धीर येत नाही, मी पडलो तेलवाला. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी निवेद्याला घेऊन ये. तिला कळरीत उतरू दे, त्या आईला डोळ्यांनी बघू दे. सगळ्या गावाला बोलावून ठेवलंय मी. त्या दिवशी तू खरी होतीस आणि मी खोटा होतो, हे अंगणात उभं राहून, तितक्याच मोठ्यांदा मला सांगायचंय.

तुझाच,
अच्छन