आत्यानं फोडलेली सुपारी

औरंगाबाद,
१८ जून १९७८

ती. बानाआत्यास,
केसरचा शि. सा. न. वि. वि.

मी बी. ए. झाले. कॉलेजच्या फळ्यावर निकाल पाहायला आबा बरोबर आले होते. त्यांना माझा नंबर सापडेना, तरी शेजारच्या अनोळखी माणसाला ही माझी मुलगी म्हणून सांगून मोकळे झाले. संध्याकाळी चिकलठाण्याच्या कारखान्यातली त्यांची मंडळी चहा पिऊन गेली. आईनं एवढंच विचारलं, की आता पुढं किती यत्ता राहिल्या. संपल्या म्हटल्यावर तिला हायसं वाटलं.

का वाटलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आबांनी वैजापूरकडचं स्थळ आणलंय. मुलगा ग्रामसेवक आहे. मी नाही म्हटलं. त्यावर आजवर मला कधी न रागावलेले आबा म्हणाले, की मेंढरं विकून शिकवली ती उलटं बोलायला नव्हे. तेव्हापासून ते मला हाक मारत नाहीत, आईकरवी निरोप देतात. घर दोन खोल्यांचं आहे.

सातवीपर्यंत तू मला वाढवलंस, म्हणून तुला सांगते. माझ्या मनात सांडू आहे. तो माझ्याच वर्गात होता आणि दुपारपाळीला आबांच्याच खात्यात फिटर आहे. आबा त्याला मास्तर म्हणतात, त्याच्याकडून पेपर वाचून घेतात. तो बौद्ध आहे. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून तो सुट्टीला सह्या गोळा करत फिरतो. मीही सही केली, कारण मला ते न्यायाचं वाटतं. मला नोकरी मिळाली की आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करणार आहोत. आबांना यातलं काही माहीत नाही.

माझ्या बारशाला माझ्या मनगटावर लोकरीचा दोरा बांधून तू मला तुझ्या त्रिंबकसाठी सून म्हणून मागून ठेवलंस, हे मला ठाऊक आहे. तो हक्क तू सोडावास. त्रिंबक हे वाचून दाखवील, तेव्हा त्याला म्हणावं, तोंड वाकडं करू नकोस.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुझी केसर


सोयगाव,
२ जुलै १९७८

चि. केसरीस बानाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पास झालीस, लई आनंद झाला. पेढे कुठं हायेत?

बाकीचं ऐकून मला अन्न गोड लागलं नाय. तो पोरगा घरी आला तर त्याला पाणी कोणत्या तांब्यातून द्यायचं, ह्याच्यावरच माझं डोकं अडकलं. खोटं कशाला बोलू? पण तू रडत नांदायला जावंस म्हणून मी तुला वाढवली नाय.

आता नीट ऐक. आपल्यात भावाची पोरगी आधी बहिणीची. मी मागितली तर तुझ्या बापाला, भिकनला, नाय म्हणता येत नाय, अन् मी मागितल्यावर दुसऱ्यानं त्या दाराला यायचं नसतं. बारशाचा दोरा नुसता बोलण्यातला होता, तवा आता मी तुला त्रिंबकसाठी रीतीनं मागते. पाच माणसांत सुपारी फोडू. ग्रामसेवक आपोआप वाटंला लागंल. लगीन काही तुळशीच्या लग्नाआधी होत नाय. तवर तू नोकरी धर अन् तुमचं ते सह्यांचं लगीन उरकून घे. मग मी भिकनच्या शिव्या खाईन. लहानपणापासून खातेच हाये.

जीव सांभाळून ऱ्हा, आम्हांला इसरू नको.
बानाआत्या

ता. क. मुलीचा नकार नवरदेवानंच मोठ्यानं वाचायचा, हे फक्त आपल्या घरात घडतं. खोटा नवरदेव व्हायला मी तयार आहे, फेटा मात्र खरा पाहिजे. तुझ्या मास्तरला नमस्कार सांग. – त्रिंबक


औरंगाबाद,
१४ जुलै १९७८

ती. बानाआत्यास,
केसरचा शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप आला आणि घरात सण झाला. ग्रामसेवकाकडं नकार गेला. आबांनी मला हाक मारली. आईनं कितीतरी वर्षांनी माझी वेणी घातली आणि म्हणाली, की निदान आपल्या माणसांत पडशील. तिचा हात डोक्यावर असताना मला लाज वाटत होती, कारण ही सगळी माया खोट्यावर उभी आहे. आषाढात सुपारी कशाला, असं तिनं विचारून पाहिलं. आबा म्हणाले, बहिणीनं मागितल्यावर पंचांग उघडायचं नसतं. तेवीस तारखेला आम्ही येतो.

सांडूला अजून सांगितलेलं नाही. तो सह्यांसाठी परभणीकडं गेला आहे. शिवाय खरं काम आडवाटेनं करू नये, असं त्याचं मत आहे, त्यामुळं पत्रात लिहिलं तर तो नकोच म्हणेल. परत आल्यावर समोर बसून समजावीन. आबांबरोबर मीही लगेच परतणार आहे.

त्रिंबकला फेट्याचं आबांनी मनावर घेतलंय, एवढं सांग.

लोभ कमी होऊ देऊ नये.
केसर


औरंगाबाद,
२९ जुलै १९७८

चि. केसरीस भिकनचे आशीर्वाद.

तुला आत्यानं दोन दिवस ठेवून घेतली ते बरंच झालं. नामांतराचा ठराव झाल्यापासून इथं दगडफेक चालू आहे. एस. टी. बंद आहे. घाई करू नको. आपल्या ओळखीच्या मुख्तारभाईंचा ट्रक सरकी आणायला तिकडं येतोय, त्यांच्याबरोबर ही शेजारच्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी देतो.

मी येताना बत्तासे घेऊन आलो. सगळ्या खात्यात वाटले. बहिणीनं पोरगी मागितली अन् मी दिली, असं सांगितलं. आपला सांडू मास्तर त्याच दिवशी कामावर आला होता. त्याला मी स्वतःच्या हातानं दिला. त्यानं मुलाचं नाव विचारलं. मग पोरगी खुशीत आहे का, ते विचारलं. मी म्हटलं, खुशीत म्हणजे काय, आत्याच्या गळ्यात पडून रडली. त्यानं मला वाकून नमस्कार केला, रजा टाकली अन् गावाकडं गेला. दिवस बरे नाहीत, इथंच ऱ्हा, असं मी लई सांगितलं. त्याची आई तिथं एकटी आहे म्हणाला. पोरगा गुणाचा आहे.

बाना आक्कीला अन् त्रिंबकरावांना सांगावं, की आमच्यावर मर्जी असू द्या.
भिकन


औरंगाबाद,
२० ऑगस्ट १९७८

ती. बानाआत्यास,
केसरचा शि. सा. न. वि. वि.

मुख्तारभाईंनी मला घराच्या दारात उतरवलं. वाटेत पोलिसांनी ट्रक अडवला तेव्हा त्यांनी मला भाची म्हणून सांगितलं. तू मला अडवलं नाहीस, याची आठवण ठेवीन.

सांडू गेला. त्याच्या गावातली त्यांची वस्ती पेटवून दिली. त्यानं आईला बाहेर काढलं आणि शेजारच्या म्हातारीसाठी पुन्हा आत गेला. हे मला कारखान्याच्या फाटकावर कळलं.

त्याची आई कडूबाई घाटी दवाखान्यात आहे. दोन्ही हात भाजलेत. मी जाऊन तिला भरवते. त्याच्या वर्गात होते, इतकंच सांगितलं. तिनं सांगितलं, की तो अचानक आला, चेहरा उतरलेला होता. रुमालात बांधून त्यानं एक बत्तासा आणला होता. मित्राच्या सुपारीचा आहे म्हणून तो तिला दिला. तिनं तो खाल्ला. चांगला होता, असं ती म्हणाली.

त्यानंतर मी आबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, की मला कुणी आधी का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय केलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईनं दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून.

औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं आहे. राहायला एक खोली घेतली आहे. जा असं कुणी म्हटलं नाही, थांब असंही नाही.

कळावे.
केसर


सोयगाव,
३ सप्टेंबर १९७८

चि. केसरीस बानाआत्याचे आशीर्वाद.

काय लिहू, बाई. मी तुला वाचवाया गेले.

आता माझं एक ऐक. सुपारी तर फुटलेलीच हाये. ती खरी करू. त्रिंबक तुला शब्दानं दुखवायचा नाय. पाहिजे तेवढं रड, माझ्या घरात तुला कुणी का रडतेस म्हणून इचारणार नाय. त्या पोराचं नाव कुठं काढू नको, म्हणजे झालं. काळ जाईल तसं सगळं बसंल. एकट्या पोरीला शहरात कोण नीट बघतं?

वाट बघते.
बानाआत्या


औरंगाबाद,
१२ सप्टेंबर १९७८

ती. बानाआत्यास,
केसरचा नमस्कार.

तू बोलावतेस ते मायेनंच, यात मला शंका नाही. पण ज्या घरात मला रडता येईल आणि कशासाठी ते सांगता येणार नाही, तिथं मी येणार नाही.

सुपारी परत कर. आपल्यात त्यासाठी त्याच पाच माणसांना जेवायला बोलवून कारण सांगावं लागतं. पत्रिका जुळली नाही, मुलगी आजारी आहे, असलं काही सांगू नकोस. केसरचं लग्न सांडूशी ठरलं होतं, असं त्याचं नाव घेऊन सांग. तुला जमणार नसेल तर कळव. मी येईन आणि सांगेन. तोपर्यंत माझं पत्र येणार नाही.

केसर


सोयगाव,
८ ऑक्टोबर १९७८

केसर,
त्रिंबकचा नमस्कार.

हे पत्र आईनं सांगितलेलं नाही.

काल पाच जणांना बोलावलं होतं. ओसरीवर पानं वाढली. मामाही औरंगाबादेहून आले. आई उभी राहिली, सुपारी परत करते म्हणाली आणि कारण सांगायची वेळ आली. पदर तोंडाला लावून ती आत गेली. मग मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, तू लिहिलंस तसं.

पाचही जण पानांवरून उठले. एकानं मामांना विचारलं, की पोरीनं असं केलं आणि तुम्ही इथं बसलात कसे. मामा म्हणाले, तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता, चांगला पोरगा होता, माझ्या घरी यायचा. बसा, जेवून घ्या, असं त्यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं. कुणी बसलं नाही. चपला घालून सगळे निघून गेले.

मामा परत पानावर बसले. मला म्हणाले, वाढ. मी वाढत गेलो. ते खाली मान घालून जेवले, पानात काही टाकलं नाही. शेजारची पाच पानं तशीच वाढलेली होती.

मामा तुला हे सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

त्रिंबक