पारण्याचं ताट

अल्लीपूर,
ता. २१ ऑगस्ट १९७८

चि. सौ. धुरपता हिला वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या घरची खुशाली कळव. तुझ्या सासूबाई रुख्माबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तुझ्या मामंजींनाही. हिंगणीच्या त्या ओसरीवर बसून ते माझी पत्रं खड्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

सर्व खुशाल लिहून टाकलं खरं, पण तसं नाही. महालक्ष्म्या आटोपल्या की माझं ऑपरेशन आहे. लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, आधी पुरतं ऐक.

मला दोन-अडीच वर्षांपासून घास उतरत नाही. छातीच्या हाडामागे येऊन बसतो आणि पाहुण्यासारखा हलतच नाही. आधी भाकरीचा अडायचा, मग वरण-भाताचा, आता पाणीसुद्धा कधी कधी थांबतं. कुणाला सांगणार? आपण बाया सगळ्यांच्या मागून चुलीपाशी जेवतो, आपलं ताट कोण पाहतं! मी एक सोपी युक्ती केली. सोमवार धरला. मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. उपास म्हटला की कुणी आग्रह करत नाही. उलट मान वाढतो. गावातल्या बाया माझ्या पाया पडू लागल्या. एकीनं तर तान्हं पोर आणून माझ्या पायांवर घातलं. मी अंगानं वाळत चालले, तर म्हणे चेहऱ्यावर तेज आलं. माझं मलाच हसू यायचं, आणि भाकरीची भीती वाटायची.

निंदणाला गेले असता शेताच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडले, तेव्हा तुझ्या भाऊजींना कळलं. ते तडक वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं चुन्याच्या निवळीसारखं पांढरं औषध पाजलं आणि मशीनपुढं उभं करून फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. माझी अन्ननळी मुळ्यासारखी झाली आहे बघ, वर फुगलेली आणि खाली नुसता शेंडा. पोटाच्या तोंडाशी एक आवळ असते, ती घास आला की सैल व्हायला पाहिजे. माझी होत नाही. तेवढी आवळ बाहेरून चिरून सैल करायची, एवढंच ऑपरेशन. डॉक्टर भला माणूस आहे, पण "एवढंच" म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानं विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता काय? आई, बहीण? मी नाही म्हटलं. आपली आई तर निमोनियानं गेली.

तू चातुर्मास दुधावर धरलास हे तुझ्या पत्रात वाचलं. शाबास लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. का थांबला ते आज लिहीत नाही. तू बरी आहेस ना? रात्री खोकला येतो म्हणतेस, तो कसला?

आमच्या लेकीसाठी, जयवंतासाठी, हिंगणघाटची सोयरिक आली आहे. दिवाळीनंतर मंडळी पोरगी पाहायला येतील. तोवर मी उभी राहिले पाहिजे.

तुझी ताई,
वच्छला


दवाखान्यातून,
ता. २९ सप्टेंबर १९७८

चि. सौ. धुरपता हिला आशीर्वाद.

ऑपरेशन झालं आणि मी आहे. बसून लिहिते आहे म्हणून ओळी वाकड्या आहेत, टाके ओढतात.

तू आणि रुख्माबाई भेटायला आलात तेव्हा मी बोलण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून आता सांगते. ऑपरेशन एकदा पुढं ढकललं, त्याचं कारण मीच. बाई, काही घट्ट खाऊ नका, नळी रिकामी पाहिजे, फक्त पातळ घ्या असं बजावून त्यांनी मला घरी सोडलं होतं. आता महालक्ष्म्या घरात बसलेल्या, आणि त्यांच्या प्रसादाला नाही म्हणायचं? आंबील तर पातळच असते. मी आपली वाटीभर प्यायले. दवाखान्यात आल्यावर नर्सबाईनं नाकातून नळी घातली आणि धुऊन काढायला लागली, तर आंबील बाहेर आली! परवाची, जशीच्या तशी, ज्वारीच्या कण्यांसकट. ती म्हणाली, "हे पोटात गेलंच नाई बाई. वरच बसून व्हतं."

डॉक्टर रागावले नाहीत. ते खाली बसले आणि म्हणाले, यावर मी तुम्हाला भूल दिली असती तर हे सगळं उलटून फुप्फुसात गेलं असतं आणि तुम्ही टेबलावरून उठला नसता. मी विचारलं, भूल न देताही असं होतं काय? ते म्हणाले, होतं. नळी भरलेली असली आणि माणूस आडवा झाला की ते उलटं वर येतं आणि श्वासात उतरतं. खोकला येतो, उशी ओली होते. जास्त गेलं तर ताप चढतो, छाती भरते. लोक त्याला निमोनिया म्हणतात.

तेव्हा मला खरं भय वाटलं. ऑपरेशनचं भय नव्हतं ते.

आता चांगलं सांगते. छातीच्या डाव्या बाजूला चिरलं आहे. फुगे फुगवायला लावतात, म्हणजे छाती मोकळी राहते. म्हाताऱ्या-कोताऱ्या खाटांवर बसून फुगे फुगवताहेत, जत्राच भरली आहे. नाकातली नळी काढल्यावर नर्सबाईनं चमच्यानं पाणी दिलं. मी गिळलं आणि सवयीनं वाट पाहत बसले, आता अडेल, मग अडेल. ती म्हणाली, "कोनाची वाट पाहून राह्यली? गेलं ना खाली." गेलं होतं. मला कळलंसुद्धा नाही. मी लहान पोरासारखी रडले, टाक्यांची पर्वा न करता.

आता पेज घेते, मऊ भात घेते. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आहेत. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, जन्मभर.

तू त्या दिवशी व्हरांड्यात खांबाआड पाणी प्यायलीस. मी खाटेवरून पाहिलं. त्याविषयी पुढं लिहीन, पण टपालानं नाही.

तुझी,
वच्छलाताई


अल्लीपूर,
ता. २२ ऑक्टोबर १९७८

धुरपे,

दिवाळीचा खण पाठवते आहे, त्याच्या घडीत हे पत्र आहे. एकटी असशील तेव्हा वाच आणि चुलीत घाल.

तू दोन घोट घेतलेस, मान ताठ केलीस, टाचा उचलल्यास आणि दोन्ही हात डोक्यावर ताणून श्वास धरलास. मग हात खाली आले. अडलेलं खाली ढकलायला दोन वर्षं मी रोज तेच केलं आहे, मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि आईला आठव. जेवण झालं की ती पाणी पिऊन दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहायची. लोक म्हणायचे तानाबाई सूर्याला हात जोडते. आपण दोघी अंगणात तिची नक्कल करायचो, आठवतं? तूच जास्त हुबेहूब करायचीस.

तिचेही उपासच होते. सोळा सोमवारांच्या उद्यापनाला बायांनी तिला मधे बसवलं आणि प्रत्येकीनं आपल्या हातानं घास भरवला. तिला नाही म्हणता आलं नाही. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. सगळ्या म्हणाल्या, किती भाव आहे बाईचा! मग ती थकून आडवी झाली. रात्री खोकला, सकाळी ताप, आणि पुढच्या बाजाराच्या आत ती गेली. लोक म्हणाले, व्रत पुरं करून गेली, भाग्याची. तू लहान होतीस. मी तेच ऐकत मोठी झाले आणि तेच खरं धरलं होतं. दवाखान्यात ती आंबील पाहीपर्यंत.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांना मी खरं सांगितलं. भाऊजींना बाहेर बसवून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एका घरात दोघी-तिघींना हा आजार होणं फार क्वचित, पण होतं. पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, बहिणीला घेऊन या.

तर ये. माहेरपणाला बोलावल्यासारखी ये, काहीही कारण सांग. मी हे अजून कुणाकडे बोलले नाही. जयवंताची सोयरिक व्हायची आहे, आणि आजी, आई, मावशी अशी ओळ लागली तर पोरीला कोण करून घेईल? म्हणून गुपचूप ये. फोटो काढू. नसलं काही तर मला शिव्या दे आणि परत जा. पण चातुर्मास संपताना पारण्याला बसू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी,
ताई


अल्लीपूर,
कार्तिक द्वादशी, ता. १२ नोव्हेंबर १९७८, सकाळ

सौ. रुख्माबाई यांना वच्छलाचा साष्टांग नमस्कार.

आमची आई नाही. तिच्या जागी मी, म्हणून तुम्हाला विहीणबाई म्हणते. हे पत्र घेऊन माझे यजमान पहिल्या बसनं निघत आहेत. त्यांना बोलता येणार नाही, ते भिडस्त आहेत. म्हणून धुरपताच्या मामंजींना सांगा, हे पत्र त्यांनी ओसरीवर उभं राहून, जमलेल्या सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं वाचावं. आजवर मी या वाचण्याला भीत आले. आज माझी तेवढीच विनवणी आहे.

तुमचं आमंत्रण काल संध्याकाळी पोचलं. दुधावरच्या चातुर्मासाचं पारणं, पाच सवाष्णी धुरपताला पुरणपोळीचे घास भरवणार, गावजेवण. त्याच पाकिटात तिची चिठ्ठी होती. ती तुम्हाला दाखवायला नको होती, पण लिहिते: "ताई, मले काही नाई झालं. लेकरू नाई म्हनून मले कोनी वटी भरायले बोलवत नव्हतं. आता माही सासू मले आपल्या हातानं दूध देते, आख्खं गाव पाया पडते. हे तू मले मोडायले काऊन लावतं वं? पाच घास गिळनं होईन माह्याच्यानं. मंग मी जराशी पडीन."

विहीणबाई, ती पडणार आहे. त्याच ओळीनं मी रात्रभर डोळा मिटला नाही.

तुमच्या सुनेला आजार आहे. तिचा उपास खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिचा देवावर भाव आहे, तसा तो माझाही होता. पण तिला घास उतरत नाही म्हणून ती दुधावर आहे, आणि आता दूधही पुरतं उतरत नसणार. तिची उशी हातानं चाचपून पाहा. सकाळी ओली असते की नाही ते पाहा. हाच आजार मला होता, माझी छाती चिरून तो बरा केला. हाच आजार आमच्या आईला होता. ती निमोनियानं नाही गेली, भरवलेल्या घासांनी गेली, आणि भरवणाऱ्या सगळ्या तिच्यावर माया करणाऱ्या होत्या. तुमच्यासारख्याच.

हिंगणघाटची मंडळी येत्या रविवारी आमच्या जयवंताला पाहायला येणार आहेत. त्यांच्या नात्यातले काही आज तुमच्या पंगतीला असतील. त्यांनीही ऐकावं. सोयरिक मोडली तर मोडो. लेक माझी आहे, तिची समजूत मी काढीन. बहीण मला दुसरी नाही.

ताट वाढलं नसेल तर वाढू नका. घास हातात असेल तर ताटात ठेवा. ती नाही म्हणेल, रागावेल, रडेल, माझं तोंड पाहणार नाही म्हणेल. तसंच तिला बसमधे बसवून माझ्या यजमानांबरोबर दवाखान्यात पाठवा. तुमच्या चिरंजीवांनी, रूपरावांनी, सोबत यावं. मी वर्ध्याच्या स्टँडवर येऊन थांबते.

आणि हे पत्र पोचायला उशीर झाला असेल, पाचही घास झाले असतील, तर वाचणं इथंच थांबवा आणि आत जा. तिला अंथरुणावर पडू देऊ नका. बसवून ठेवा. भिंतीला टेकवा, पाठीशी गोधड्या लावा, कितीही थकली म्हणाली तरी आडवी होऊ देऊ नका, आणि तशीच बसवून घेऊन या.

तुमची,
तानाबाईची थोरली लेक,
वच्छला