फळीवरचा उजवा हात

कम्पुंग पाया तेरातई, केडाह
९ मार्च १९९७

चि. बुस्तमाम यास थोरल्याचे अ. उ. आशीर्वाद.

तू पाठवलेली मोटारसायकल मालट्रकमधून उतरली. उतरवायला चार जण लागले. तुझ्या वहिनीने विचारलं, ही चालवायची की नांगराला जुंपायची. पुतणीवरचं तुझं प्रेम समजलं, पण नव्या माणसाला अडीचशे सीसीच्या वर परवाना मिळत नाही आणि ही तुझी साडेसातशेची. मोठीसाठी पुढे वेगळी परीक्षा असते. बरं, तुझा स्वतःचा परवाना किती सीसीचा आहे, ते कळव. सध्या गाडी घराखाली खांबांमध्ये उभी आहे आणि कोंबड्यांना पसंत पडली आहे.

आता मुद्द्याचं. सल्वानी छोट्या गाडीच्या परीक्षेत नापास झाली. आपल्या दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई निवृत्त होत आहेत. घरोघर फिरायचं काम असल्याने एप्रिल संपायच्या आत परवाना दाखवला तरच ती जागा हिला. नाहीतर समुद्रापलीकडे सारावाकला नेमणूक. तिथे म्हणे नर्स होडीतून फिरतात, परवाना लागत नाही.

परीक्षेत एका अरुंद फळीवरून गाडी हळू न्यायची असते. घाई केली तरी नापास, चाक खाली उतरलं तरी नापास. ही पोर रोज कालव्यावरच्या माडाच्या ओंडक्यावरून तांदळाचं पोतं घेऊन जाते! नक्की काय झालं ते मी पाहिलं नाही, डोळे मिटून दुआ म्हणत होतो. उघडले तेव्हा ती गवतात उभी होती.

वेळेवर जेवत जा. तुझी आठवण निघाली नाही असा दिवस जात नाही.

तुझा
सईदीन


क्वालालंपूर
१७ मार्च १९९७

ती. सईदीन अबांग यांस धाकट्या भावाचे सलाम, वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग सारावाक वाचून हसू गेलं. एवढ्या लांब आपल्या पोरीला कोण पाठवतंय! तिला म्हणावं, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धर, नजर फळीच्या टोकाला ठेव, चाकाकडे बघू नको. आणि आपण पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवा. दुआ उघड्या डोळ्यांनीही पोचते.

कोंबड्यांना सीटवरून उठवावं, चामडं खास बनवून घेतलं आहे. नव्या माणसाला छोटी गाडी हा नियम मला तरी जाच वाटतो. माणूस एकदाच तरुण असतो. माझ्या परवान्याचं आपण विचारलंत. इथे सध्या पाऊस फार आहे.

वहिनींना सलाम. माझ्यावर रागावलात तरी पत्र पाठवणं थांबवू नये.

आपला
बुस्तमाम


पाया तेरातई
६ एप्रिल १९९७

चि. बुस्तमाम यास अ. उ. आशीर्वाद.

पावसाचं कळलं. परवान्याचं कळलं नाही.

सल्वानी पुन्हा नापास झाली, पण या वेळी मी डोळे उघडे ठेवले आणि सगळं पाहिलं. फळीच्या उजव्या अंगाला मांडवाखाली एक लांब बाक आहे. त्यावर मुलांबरोबर आलेली मोठी माणसं बसतात. त्या दिवशी एक निवृत्त शिपाई होता, पान चघळणारी एक आजी होती आणि मी. पोर फळीवर चढली, छान चालली होती. बाकासमोर आली आणि तिचा उजवा हात मुठीवरून सुटून गुडघ्याकडे खाली गेला, पाठ वाकली, ओठ हलले. बसलेल्या मोठ्यांसमोरून जाताना आपण करतो, अगदी तसं. अ‍ॅक्सिलरेटर त्याच हातात. गाडी खोकली आणि गवतात गेली. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, कुणाची रे ही, किती वळणाची पोर. परीक्षकाने कागदावर फुली मारली.

हे वळण मीच लावलेलं. आमच्या अंगणात सरावाला कुणी बसलेलं नसतं, म्हणून तिथे ती कधी पडली नाही. घरी येऊन तिला सांगितलं, त्या दिवसापुरतं वाकू नकोस. पोटच्या मुलीला उद्धटपणा शिकवावा लागला. ती म्हणाली, अबाह, मी वाकतच नाही, हात वाकतो.

महिना संपायच्या आत एकच परीक्षा उरली आहे. तुला शहरातली एखादी युक्ती सुचत असेल तर तिला लिही.

नमाजात तुझं नाव घेतोच, तूही आमचं घे.

तुझा
सईदीन


पाया तेरातई
१६ एप्रिल १९९७

ती. धाकटे काका, पाक सू यांस सलाम, वि. वि.

तुमच्या दोन्ही युक्त्या करून पाहिल्या. पहिली, हात मुठीला बांधायचा. आईने माझ्या वेणीची रिबीन घेऊन बांधला आणि शेजारचे आजोबा तोक बिदिन बसले होते त्या ओट्यासमोरून मी गेले. हात जागेवर राहिला, पण मग अख्खी गाडीच वाकली. त्यांची दोन केळीची झाडं गेली. ते म्हणाले, पोरी, एवढं वाकायची गरज नव्हती.

दुसरी युक्ती, समोर बसलेले सगळे दरोडेखोर आहेत असं समजायचं. तसं समजले, तर मला त्यांची दया आली. या वयात दरोडे घालायचे म्हणजे घरची काय परिस्थिती असेल!

हसण्यावारी नेते आहे, पण पाक सू, भीती वाटते. आईने फणसाचे काप तळून मोठ्या डब्यात भरून ठेवलेत. ते सारावाकसाठी आहेत हे ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. अबाह तर चहाच्या टपरीवर जाऊन नुसते बाकाकडे बघत बसतात. टपरीवाला विचारत होता, बाक विकत हवाय का.

माझ्यासाठी दुआ मागा आणि कृपा करून तिसरी युक्ती कळवू नका.

तुमची
सल्वानी


पाया तेरातई
२८ एप्रिल १९९७

चि. बुस्तमाम यास अ. उ. आशीर्वाद.

पोर पास झाली. आधी ते लिहून टाकलं, आता सावकाश वाच.

टपरीवर बसून माझ्या एवढंच लक्षात आलं, की आपण वाकतो ते बसलेल्यांच्या तोंडासमोरून जाताना. म्हणून मी मांडवातल्या सगळ्यांना विनंती केली, की बाक उलटा फिरवू, फळीकडे पाठ करून बसू. यावर वाद झाला. परीक्षकासारख्या पाहुण्याला पाठ दाखवायची, हे एकाला पटेना. पानवाली आजी तिच्या नातवासाठी पुन्हा आली होती. तिने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, त्या वळणाच्या पोरीसाठी आहे ना, मग उचला बाक, मला मात्र बाकासकट उचला, गुडघे दुखतात.

रबराच्या झाडांकडे तोंड करून आम्ही रांगेत बसलो. परीक्षक आले आणि हा कसला निषेध म्हणून विचारू लागले. आजीने त्यांना न वळताच सांगितलं, की मुलगी फार गुणी आहे, तिला आम्ही दिसता कामा नये. मग त्यांच्या लक्षात आलं, फळीच्या टोकाला खुर्चीवर ते स्वतःही बसलेलेच असतात. त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि उन्हात उभे राहिले.

मी या वेळीही काही पाहिलं नाही. फक्त ऐकलं. गाडी फळीवर चढली. आवाज एकसारखा, हळू, आमच्या पाठीमागून जात राहिला, जात राहिला, आणि तुटला नाही. आजीने माझा हात घट्ट धरला होता. चाकं पलीकडे उतरल्याचा आवाज आला तेव्हा मी अल्हमदुलिल्लाह म्हणालो, तर शेजारचे सगळेच म्हणाले. कुणाचं पोर आहे हे कुणी विचारलं नाही.

फणसाचे काप आम्ही त्याच दिवशी संपवले.

आता तुझं. पावसाळा संपला असेल. साडेसातशेची गाडी चालवायला तुझ्याकडे अडीचशेचाच परवाना होता आणि पोलिसांनी हटकल्यावर तू ती पुतणीला भेट दिलीस, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तू विषय टाळलास त्यावरून कळलं. इथे येऊन मोठ्या गाडीची परीक्षा दे. तुझ्यासाठी बाक फिरवावा लागणार नाही, तुझा हात आजवर कुणासमोर खाली गेलेला नाही. सीटवर सध्या अंडी आहेत, पिल्लं निघाली की ये.

सल्वानी कालपासून कामाला लागली. टपरीवर रोज आठ-दहा म्हातारे बसलेले असतात. बाक फिरवला तर चहाच्या टेबलाकडे पाठ होते, म्हणून त्यांनी वेगळी सोय केली आहे. तिच्या गाडीचा आवाज आला, की सगळे उठून उभे राहतात आणि ती गेली की बसतात. आज एका परगावच्या माणसाने विचारलं, ही कोण एवढी मोठी बाई, जिच्यासाठी गावचे म्हातारे उभे राहतात. तोक बिदिन म्हणाले, आमच्या गावची नर्स आहे.

खरं कारण मी काही सांगायला गेलो नाही.

वहिनी विचारते, कधी येतोस. आमचा जीव तुझ्यात आहे, गाडी जपून चालव.

तुझा
सईदीन